डेलच्या वडिलांचे पाय

न्यूझीलंडला जाऊन आलेल्या माणसाने मेंढ्यांवर लिहावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मेंढ्या मी पाहिल्या. त्या आपल्याकडच्या मेंढ्यांसारख्याच दिसतात, फक्त त्यांच्या मागे धनगर नसतो. लोक तिथे हिरवे डोंगर आणि निळी तळी बघायला जातात. मी लेकीकडे गेले होते, आणि जाताना एक भीती घेऊन गेले होते. ती कशाची ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा प्रवास समजेल.

मी निवृत्त शिक्षिका. कराडला मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आता पुण्यात वारज्याला राहते आणि अनुवाद करते. काही वर्षांपूर्वी एका अमेरिकन लेखकाचं आठवणींचं पुस्तक मी मराठीत आणलं. लेखकाचं नाव डेल. आडनाव लिहीत नाही, कारण तो हयात आहे आणि आपल्याकडे शोधून काढणाऱ्यांना दुसरा उद्योग नसतो. पुस्तकात त्याचे वडील, मोंटानातल्या नद्या, तंबू, अस्वलं आणि मासे आहेत. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. मालवणच्या मैत्रिणीला फोन करकरून मी ते तीनशे पानांचे मासे एकेक करून मराठीत ओढले. प्रकाशकांनी पुस्तकाला नाव दिलं 'नदीकाठचे बाबा'. त्यामुळे दुकानदारांनी ते अध्यात्माच्या फळीवर ठेवलं आणि पहिली आवृत्ती बघता बघता संपली.

माझा गुन्हा शेवटच्या प्रकरणात आहे. बाप-लेकाचं नऊ वर्षं बोलणं नसतं. वडील हॉस्पिटलात आहेत, आता काही खरं नाही, असा फोन येतो. आणि हा डेल काय करतो? गळाची काठी उचलतो आणि नदीवर जातो. दोन मासे धरतो, दोन्ही सोडून देतो आणि लिहितो, 'दिवस चांगला गेला.' पुस्तक संपलं. इंग्रजी समीक्षकांनी या वाक्याला डोक्यावर घेतलं होतं. केवढा संयम, म्हणे! मी ते वाक्य तीन दिवस समोर घेऊन बसले. बाप मरतोय, हा मासे धरतोय आणि वर दिवस चांगला गेला? हे मराठी वाचकाच्या हातात द्यायचं कसं?

शेवटी मी डेलला हॉस्पिटलात पाठवलं. फक्त दोन परिच्छेदांपुरतं. माझ्या मराठीत तो नदीवरून थेट वडिलांच्या खोलीत येतो, पायथ्याशी बसतो आणि त्यांचे पाय चेपतो. वडील डोळे न उघडता म्हणतात, "पुरे आता, दमला असशील." मग पुन्हा मूळ पुस्तक सुरू: दिवस चांगला गेला.

प्रकाशकांकडे पत्रांचा ढीग आला, आणि जवळजवळ सगळी पत्रं त्या पायांबद्दल. प्रकाशकांना डेलचं दुसरं पुस्तकही हवं झालं. त्यासाठी डेलची लेखी संमती लागणार होती. माझी करामत कुणालाच ठाऊक नव्हती, घरातही नाही. डेलला कळलं तर पुस्तक मागे घेतलं जाणार, दुसरं मिळणार नाही, आणि साठीनंतर मिळवलेलं माझं एवढंसं नाव मातीत जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण डेल मोंटानात आणि मी वारज्यात, म्हणून मी निवांत होते. तेवढ्यात केतकीने, माझ्या लेकीने, शोध लावला की डेल मासे धरायला वर्षातले पाच महिने न्यूझीलंडात राहतो. तिने त्याला परस्पर मेल केली. मग मला फोन. "आई, सरप्राइज! तू आलीस की आपल्याला त्याच्याकडे वीकेंडला बोलावलंय."

ऑकलंड

न्यूझीलंडचे लोक एरवी कशालाच घाबरत नाहीत, पण परक्या देशातल्या बीबियाण्याला फार घाबरतात. विमानतळावर एक फॉर्म भरावा लागतो. खाण्याचं काही आहे का, लाकडाचं काही आहे का, बुटाला चिखल आहे का. मी मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि गोडा मसाला लिहून टाकला. अधिकारी बाई वयाने केतकीएवढी, पण चेहरा आमच्या मुख्याध्यापिकेचा. तिने मेतकुटाचा वास घेतला, लोणच्याची बरणी उजेडात धरली, माझ्या चपलांचे तळ पाहिले आणि विचारलं, "आणखी काही जाहीर करायचंय?"

खरंच सांगून टाकावंसं वाटलं. मग "नाही" म्हणाले आणि ट्रॉली ढकलत बाहेर आले.

बाहेर केतकी आणि अकरा वर्षांची नात रेवा. जावई कामासाठी महिनाभर सिडनीला होते, त्यामुळे राज्य बायकांचं होतं. रेवाला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इंग्रजी. मी विचारलं, "भूक लागलीय का गं?" तर म्हणाली, "हीप्स!" म्हणजे खूप. आमचे संवाद पुढे सहा आठवडे असेच चालले. मी आपली मराठीत विचारत होते, ती इंग्रजीत उत्तर देत होती, आणि दोघींचं अडत काही नव्हतं.

बॉटनी डाउन्स

केतकीचं घर बॉटनी डाउन्सला. रस्ते इतके स्वच्छ की त्यांवरून चालायची लोकांना लाज वाटत असावी, कारण चालताना कुणी दिसत नाही. मी संध्याकाळी फिरायला निघाले तर तीन गाड्या थांबल्या आणि आतल्या लोकांनी मला काही मदत हवी आहे का विचारलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इथे डेअरी म्हणतात. तिथे दूध मिळतं, पण ते निमित्तमात्र. मालक नवसारीकडचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "पुणेवाले? वापस कब?" इतका आपलेपणा मला बाकी कुठे मिळाला नाही.

शनिवारी केतकीने मराठी वाचक मंडळ घरी बोलावलं. वीसेक माणसं, सगळी पुण्या-मुंबई-नाशिककडची, बहुतेक संगणकातली. दाराशी चपलांचा तोच ढीग, फक्त इथे त्यांना जॅन्डल्स म्हणतात. सुरळीच्या वड्या होत्या, गोठवलेल्या पुरणपोळ्या होत्या, आणि मधोमध मी होते. सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं होतं. निदान शेवटची चार पानं तरी नक्की वाचलेली होती.

"काकू, तो पाय चेपतो ना, तिथे मी पुस्तक मिटलंच," एक बाई म्हणाल्या. "अमेरिकन असून किती संस्कार हो त्या मुलावर!"

"आपल्या संस्कृतीचा प्रभाव आहे तो," त्यांचे यजमान म्हणाले. "तिकडे आता पोचलंय हे सगळं. योग, हळद, हे."

मी वडी तोंडात कोंबली. तोंड भरलेलं असलं की खोटं बोलावं लागत नाही.

जाताना सुहास नावाचा एक इंजिनिअर दारात रेंगाळला. चाळिशीचा, नाशिकचा. म्हणाला, "काकू, माझं आणि बाबांचं पाच वर्षं बोलणं बंद होतं. म्हणजे फ्लॅटवरून. ते पान वाचलं आणि फोन लावला. ते काय म्हणाले असतील? 'जेवलास का?' बस, एवढंच." मग तो वाकून ढिगातून आपल्या चपला शोधायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून अवोन्डेलच्या बाजारात गेलो. तिथे सामोआच्या आज्या, चिनी आज्या आणि मी, अशा सगळ्या मेथीच्या आणि अरवीच्या ढिगांवर वाकलो होतो, आणि कुणाचीही भाषा कुणाला येत नसताना सगळ्यांना एकमेकींचं कोपर मात्र समजत होतं. मी चार जुड्या मेथी घेतली. डेलकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ठेपले करून न्यायचे, असं ठरवलं होतं. गुन्हेगार माणूस खाऊ घेऊन जातो.

तुरांगीच्या वाटेवर

शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही दक्षिणेला निघालो. चार तासांचा रस्ता. तिथल्या लोकांचं निसर्गाशी असलेलं नातं आपल्याला समजायला कठीण आहे. आपण निसर्गात भजी मिळेपर्यंत चढतो. भजी खाल्ली की निसर्ग झाला, उतरायला लागायचं. तिथले लोक पाठीवर घरभर सामान घेऊन, पावसात, एकही टपरी नसलेल्या डोंगरात तीन-तीन दिवस चालतात आणि परत येऊन "लव्हली" म्हणतात. त्यांना कुणी शिक्षा दिलेली नसते.

टाउपोच्या तळ्याकाठी थांबलो. तळं कसलं, समुद्रच. काठावर ज्वालामुखीचे हलके, भोकाभोकांचे दगड पडलेले होते. पाण्यात टाकला तर तरंगतो. मी एक उचलून पाहिला आणि ओळखला. टाच घासायचा दगड! अख्खा किनारा टाच घासायच्या दगडांनी भरलेला आणि कुणी ढुंकून पाहत नव्हतं. मी जावा, नणंदा, शेजारणी मोजत पिशवी भरली. केतकी गाडीत बसून दुसरीकडे बघत होती. रेवा मात्र माझ्याबरोबर दगड निवडत होती. "आजी, धिस वन्स फॉर बिग फीट."

पायांचा विषय निघाला, तसा मी तो दगड पिशवीच्या तळाशी घातला.

तुरांगी

तुरांगी हे ट्राउट माशांचं गाव आहे. माशाची पाटी, माशाचं चित्र, माशाचं दुकान. गंमत अशी की या देशात ट्राउट विकायला आणि विकत घ्यायला बंदी आहे. खायचा तर स्वतः धरा, नाहीतर कुणी प्रेमाने द्यायला हवा. आणि बरेच लोक धरतात तेही खायला नाही. मासा धरायचा, त्याला छातीशी घेऊन फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. आपल्याकडे पुढारी मतदारांचं असंच करतात.

डेल सत्तरीचा, उंच, पांढरी दाढी, अंगात बारा खिशांचा कोट. दारातच त्याने मला "सुधा!" अशी हाक मारली. माझ्या यजमानांनीसुद्धा चाळीस वर्षांत चारचौघांत मला नावाने हाक मारली नव्हती. तो अर्थात इंग्रजीत बोलत होता. मी मराठी करून देते आहे आणि या खेपेस पदरचं काही घालत नाही.

त्याच्या पुस्तकात वडिलांच्या शर्टाच्या वासावरून पाऊस कळतो. तुरांगीत त्याला पाऊस फोनवरून कळत होता, दर दहा मिनिटांनी. पुस्तकात तो दगडावर झोपतो. घरात जमीन गरम करायची सोय होती, भिंतीवर गरम हवेचं यंत्र होतं, आणि चिलटं येतात म्हणून खिडक्या बंद होत्या. मी अंगणातल्या एका झाडाचं नाव विचारलं. तो म्हणाला, "स्थानिक आहे."

नाव सांगितलं हुइयाने. ती त्याची वाटाड्या, तिथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी, पन्नाशीची, हसरी बाई. नदीत मासे कुठे आहेत ते तिला माहीत, गळाला लावायची दोऱ्या-पिसांची खोटी माशी बांधणार ती, पाण्यात उभं कुठे राहायचं ते सांगणार ती, आणि आलेला मासा जाळीत घेणारही तीच. पुस्तकात या सगळ्या कामांना डेल 'मी' म्हणतो.

"किया ओरा," हुइया म्हणाली आणि माझ्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. मग तिने स्वतःची ओळख करून दिली. आधी तिचा डोंगर कुठला ते सांगितलं, मग नदी, मग पूर्वज, आणि नाव सगळ्यात शेवटी. आपण आधी आडनाव विचारतो, मग गाव, आणि मग "म्हणजे नक्की कुठले?" विचारून हवं ते काढून घेतो. मला तिची पद्धत बरी वाटली. मी सह्याद्री आणि कृष्णा सांगितली. ती गंभीरपणे मान हलवून म्हणाली, "चांगली नदी असणार."

दुपारचं जेवण अंगणातल्या लाकडी ओट्यावर. हुइयाने स्वतः धरलेला, धुरी दिलेला ट्राउट आणला होता. जेवणाआधी तिने डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना म्हटली. मी हात जोडले. डेलच्या तोंडात तोवर ठेपला होता. त्याने पाच खाल्ले आणि ही कसली भाकरी आहे, असं प्रेमाने विचारलं. माणूस वाईट नव्हता, हे मला त्याच वेळी जाणवलं आणि जास्तच त्रास झाला.

जेवण झाल्यावर त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "सुधा, माझं पुस्तक मला तुझ्या भाषेत ऐकायचंय. कळणार नाही, पण आवाज ऐकायचाय."

याची तयारी मी करून गेले होते. पहिल्या प्रकरणातलं नदीचं वर्णन काढलं. त्यात माझं काही नव्हतं. वाचायला सुरुवात करणार तोच रेवा म्हणाली, "नो आजी, दॅट्स बोरिंग. रीड द फीट बिट. एव्हरीवन क्राइज."

"फीट?" डेल म्हणाला.

"त्याला नदी आवडेल," मी मराठीत पुटपुटले.

"अगं वाच ना आई," केतकी म्हणाली. "सगळ्यांचं फेव्हरेट आहे ते."

मी मनाशी म्हटलं, याला मराठी कुठे येतंय? वाचला शेवट. डेल डोळे मिटून ऐकत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "सुंदर. मी कुठे होतो, नदीवर?" आणि हे त्याने मला विचारलं नाही, रेवाला विचारलं.

रेवा ताठ बसली. मराठीचं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. "नो, यू आर इन द हॉस्पिटल. यू सिट अ‍ॅट द एंड ऑफ द बेड अ‍ॅण्ड, लाइक, प्रेस युअर डॅड्स फीट. फॉर अ लाँग टाइम. अ‍ॅण्ड ही डझन्ट ओपन हिज आइज. ही सेज, इनफ नाऊ, यू मस्ट बी टायर्ड."

डेल माझ्याकडे पाहत होता. मी ठेपल्यांच्या डब्याचं झाकण लावत होते आणि ते लागत नव्हतं. "थँक यू, रेवा," तो म्हणाला, उठला आणि आत गेला. आतून नळाचा आवाज यायला लागला. मघाशीच धुऊन ठेवलेल्या बशा तो पुन्हा धूत होता.

पाहुण्यांच्या खोलीत मी केतकीला सगळं सांगितलं. ती पलंगावर बसलीच. "आई! कॉपी केली म्हणून तू मुलींना वर्गाबाहेर काढायचीस!"

"ही कॉपी नाही. हे उलट आहे," मी म्हटलं. बचाव मलाच पटला नाही.

केतकी प्रकल्प सांभाळते, त्यामुळे तिच्याकडे लगेच उपाय असतो. "हे बघ, त्याला मराठी येत नाही. तो रेवाच्या सांगण्यावर चाललाय. तू म्हण, मुलगी इथेच वाढली, तिचं मराठी कच्चं आहे, चुकीचं सांगितलं तिने. पुण्याला गेलीस की नव्या आवृत्तीतून काढून टाक ते. प्रश्न मिटला. सगळे सेफ."

तिने सुचवलं तसं खरंच शक्य होतं. कुणाला कळलं नसतं. मी खोटं कशी बोलेन याची मनात वाक्यरचनाही केली. तेवढ्यात दारात रेवा उभी दिसली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि सगळं समजलंही होतं. तिचे डोळे भरले होते. "आजी, डिड आय गेट इट राँग?"

आयुष्यात तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या, पण एवढं कठीण उत्तर कधी द्यावं लागलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. "नाही गं बाळा. एक शब्दसुद्धा चुकला नाहीस."

आता सकाळी सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नदी

सकाळी डेलने मला नदीवर चल म्हटलं. हुइयाने मला छातीपर्यंतची रबरी विजार चढवली. ती घालणं म्हणजे पोत्यात धान्य भरणं; धान्याने हलायचं नसतं, भरणारा हलवतो. नदीकाठचे उंच वृक्ष शरद ऋतूत पिवळे झाले होते. नदी स्वच्छ होती, तळाचा एकेक गोटा दिसत होता, आणि गार इतकी की रबरातूनही हाड बोलायला लागलं. गुडघाभर पाण्यात डेलने माझं कोपर धरलं होतं. सोडलं असतं तर मी टाउपोच्या तळ्यात निघाले असते. अशा ठिकाणी माणसाला जाब विचारायची कल्पना नामी होती, हे कबूल करायला हवं.

"ते मी लिहिलेलं नाही," डेल म्हणाला.

"नाही. मी लिहिलंय," मी म्हटलं. "रेवाने बरोबर सांगितलं. चूक माझी आहे."

"का?"

वाचकांसाठी, मराठी संवेदनेसाठी, संस्कृतीच्या फरकासाठी, अशी तीन उत्तरं मी तयार केली होती. परिसंवादात ती चालून गेली असती. पाण्यात उभं राहून ती देता येईनात. मी खरं ते सांगितलं. माझे वडील वाईला होते. मी कराडला बोर्डाच्या परीक्षेवर होते. शाळेच्या ऑफिसात फोन आला, वडिलांचं काही खरं नाही, निघ. पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं होती. माझ्या वर्गावर दुसरी बाई मिळाली असती. मी मागितली नाही. म्हटलं, तीन तासांचा तर प्रश्न आहे. पेपर संपवला, उत्तरपत्रिका मोजून दिल्या आणि एस.टी. धरली. पोचले तेव्हा वडील गेलेले होते. लहानपणी रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपायची, आणि ते रोज तेच म्हणायचे, पुरे आता, दमली असशील. त्या दिवशीही मी पायथ्याशी बसले आणि चेपायला लागले. पाय गार होते. पुरे म्हणायला कुणी नव्हतं. मावशीने हात धरून मला उठवलं. सगळ्यांना मी सांगितलं होतं की एस.टी. उशिरा मिळाली. अजूनही सगळ्यांना तेच माहीत आहे.

हुइया काठावर चहाचं पाणी तापवत होती आणि मुद्दाम आमच्याकडे पाठ करून बसली होती.

"मी त्या दिवशी नदीवर नव्हतोच," तो म्हणाला.

मला वाटलं पाण्याच्या आवाजात मी काही वेगळंच ऐकलं.

"हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होतो. चार तास. गाडीतून वडिलांच्या खोलीची खिडकी दिसत होती, तिसऱ्या मजल्यावरची. दिवा लागला तेही दिसलं. मी खारे शेंगदाणे खाल्ले. वर गेलो नाही. मग गाडी सुरू करून घरी आलो." त्याने नाक पुसलं. "पण नदीवर गेलेला मुलगा निष्ठुर दिसतो, आणि निष्ठुर माणसाची पुस्तकं खपतात. पार्किंगमध्ये बसलेला नुसता भित्रा दिसतो."

सगळ्या समीक्षकांचा तो संयम म्हणजे खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं. नदीत उभं राहून रडायची सोय चांगली असते, पाणी कुठलं ते कुणी विचारत नाही.

"तुझे पाय मात्र काढायला हवेत," तो म्हणाला. "माझ्या बापाने कुणाला पायाला हात लावू दिला नसता. त्याने तुला लाथ मारली असती, सुधा."

"काढते," मी म्हटलं. मग सुहासची गोष्ट सांगितली, फ्लॅटची, फोनची आणि 'जेवलास का'ची. ती न सांगता ते पाय काढणं मला जमलं नसतं.

त्याने माझं कोपर घट्ट धरून मला काठाकडे वळवलं. "फोन त्याचा त्याने केलाय. तो त्याच्याकडेच राहील."

आम्ही काठावर आलो. हुइयाने काही न विचारता दोघांना चहा दिला. मी वही काढली. डेल इंग्रजीत एकेक वाक्य सांगत गेला आणि मी सरळ मराठीत उतरवत गेले. नदीवर गेलो नाही. गाडीत बसलो. खिडकी दिसत होती. दिवा लागला तेव्हा वाटलं की आता जावं, आणि गेलो नाही. एवढंच. दिवस चांगला गेला, हे वाक्य त्याने स्वतःच काढायला सांगितलं.

केतकी आणि रेवा मागून चालत आल्या होत्या. डेलने वही रेवाच्या हातात दिली. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी हळूहळू वाचलं आणि तिने एकेका वाक्याचं इंग्रजी केलं. प्रत्येक वाक्याला डेल मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "काही घातलं नाहीये हिने. खात्री करून घ्यायची होती." रेवा फुशारून गेली. तिने स्वतःहून मराठीत सांगितलं, "आजी, बरोबर आहे."

दुसऱ्या पुस्तकाचं मी भीत भीत विचारलं. "घे," डेल म्हणाला. "त्यात कुणी मरत नाही. तुला काही करता येणार नाही."

हे सगळं मी एखाद्या लेखात लिहिलं तर चालेल का, तेही विचारून घेतलं. मराठीत काय हवं ते छाप, म्हणाला. आता फक्त एक व्यवहाराची गोष्ट राहिली होती. प्रकाशक मूळ मजकूर मागणार. मी म्हटलं, "त्या पानाचं इंग्रजी मला मेल करशील ना? आणि तिकडच्या नव्या आवृत्तीतही ते जाईलच, नाही का?"

डेलने चहाचा उरलेला घोट वाळूत ओतला.

"इंग्रजीत नको," तो म्हणाला. "त्या खिडकीच्या आत वडिलांपाशी माझी बहीण एकटी होती. ती इंग्रजी वाचते."